पंपाआधी पुढचा ॲक्सल

जुन्या पिकअपला पॉवर स्टीअरिंग बसवायचे ठरले की बोलणे लगेच पंपावर येते. कोणत्या गाडीचा बॉक्स घ्यावा, नवा की भंगारातला, पुली कुठून मिळेल, असे प्रश्न निघतात. भिलाईसारख्या गावात, जिथे लेथ, वेल्डिंग आणि हायड्रॉलिकची कामे लोकांच्या रोजच्या हातातली, तिथे तर हे सगळे फार लवकर जमून येते. माझे म्हणणे एवढेच, की सुरुवात पुढच्या ॲक्सलपासून व्हावी आणि तो तपासून झाल्याशिवाय पंप विकत घेऊ नये. महिंद्राची एफसी-१६० पाहा. अमेरिकेतल्या विलीसने १९५० च्या दशकात जीपची केबिन पुढे ढकलून चालकाला चाकांच्या वर बसवले आणि मागे मालासाठी हौदा मोकळा केला. हे रूप ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी दिलेले. महिंद्राने आपली पिकअप त्याच घराण्यातून काढली. इंजिन, केबिन आणि चालक असे सगळे वजन पुढच्या चाकांवर येते. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात माल उतरवायला ही गाडी जागच्या जागी वळवायची म्हणजे दोन्ही हातांनी खेचावे लागते. तेव्हा पॉवर स्टीअरिंगची मागणी चैनीची नाही, हे आधीच मान्य करतो.

पण स्टीअरिंग जड असणे हे पुष्कळदा गाडीच्या आजाराचे लक्षण असते. टायरमध्ये हवा कमी, मूळ मापापेक्षा रुंद टायर, बिघडलेली अलाइनमेंट, ग्रीसविना सुकलेले किंगपिन, यातले काहीही पुरते. पडताळणी सोपी आहे. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावा, ड्रॅग लिंक सोडवावी आणि चाके हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. तिथेही अडकत असतील तर दोष स्टीअरिंग बॉक्सचा नाही, बहुधा किंगपिनच्या बेअरिंगचा आहे. मग चाक वर-खाली धरून हलवावे, ड्रॅग लिंक पुन्हा जोडून टाय रॉडच्या टोकांवर बोट ठेवून कोणाला तरी स्टीअरिंग थोडे इकडे-तिकडे करायला सांगावे. सांधा झिजला असेल तर ठोका बोटालाच कळतो. हा सांधा तसाच ठेवून वर हायड्रॉलिक चढवले, तर चालकाला वाटते काम झाले. प्रत्यक्षात तेलाचा दाब त्याच झिजलेल्या सांध्यावर पूर्वीपेक्षा जास्त जोर टाकू लागतो आणि धोक्याची सूचना देणारा जडपणा तेवढा नाहीसा होतो.

यंत्राची रचना पाहिली की हे पटते. फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये पिअर्स-ॲरो गाडीवर हायड्रॉलिक मदत चालवून दाखवली. सामान्य ग्राहकाला ती १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये मिळाली. आजच्या हायड्रॉलिक बॉक्समध्ये स्टीअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार असतो. हाताच्या जोराने तो किंचित पिळला की झडप उघडते आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाचे तेल पिस्टनला ढकलते. पंप बंद पडला तरी हाताचा दुवा तुटत नाही, फक्त गाडी फार जड होते. हा सगळा जोर शेवटी चेसिसच्या त्या भागावर येतो जिथे बॉक्स बोल्टने धरलेला असतो, आणि जुन्या जीपच्या चेसिसला तडा जाण्याची जागा नेमकी तीच. म्हणून आतून प्लेट, पोकळ चेसिसमध्ये बोल्टभोवती नळ्या आणि तड्याची आधी तपासणी, हे नव्या बॉक्सपेक्षा महत्त्वाचे. भिलाईत वेल्डिंग सहज मिळते, आणि मला काळजी आहे ती त्याचीच. चेसिसची प्लेट जाणत्या हाताने जोडता येते. पण पिटमन आर्म किंवा ड्रॅग लिंक कापून, लांबी जुळवून पुन्हा जोडणे हे कितीही सफाईने केले तरी चुकीचे आहे. योग्य मापाचा भाग मिळेपर्यंत काम थांबवावे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, हलक्या स्टीअरिंगने रस्त्याची जाण हरवते. ते खरे आहे, पण ती जाण बॉक्स निवडताना बरीच राखता येते. जड गाडीचा बॉक्स हलक्या जीपला लावला की मदत गरजेपेक्षा जास्त होते. दुसरा आक्षेप मूळपणाचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या वाहनांनाच आहे, आणि तसे वाहन रोजच्या कामाला वापरता येत नाही. कायद्यानेच इथे दोन वाटा केल्या आहेत. जी गाडी प्रदर्शनासाठी राखायची तिच्या स्टीअरिंगला हात लावू नये. जी रोज हौदा भरून धावणार, तिला सुरक्षित करणे हाच तिचा मान. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मज्जाव केला, त्यामुळे दुर्गच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा पंप घेण्याआधी व्हायला हवी. तिथून उत्तर येईपर्यंत किंगपिन आणि टाय रॉडचे काम उरकून घ्यावे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते झाल्यावर कदाचित पंपाची गरजही उरणार नाही.