बिनब्रेकची माती

१९ मार्च २०१६ ची संध्याकाळ. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू भागात ऐंशी लाख पौंड खर्चून बांधलेलं नवंकोरं नॅशनल स्पीडवे स्टेडियम. उद्घाटनाला पीटर क्रेव्हनच्या स्मरणार्थ मोटरसायकल शर्यती ठेवलेल्या. क्रेव्हन बेल व्ह्यूच्याच क्लबचा. दोनदा जगज्जेता झाला आणि १९६३ मध्ये ट्रॅकवरच्या अपघातानंतर गेला. गॅलरी भरली, दिवे लागले, आणि शर्यती झाल्याच नाहीत. ट्रॅकची माती नीट बसलेली नव्हती आणि त्यावर गाडी घालायला स्वार तयार नव्हते. मांडव, वाजंत्री, वऱ्हाड सगळं हजर आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, अशी गत. आलेली हजारो माणसं तशीच घरी परतली.

बाहेरच्या माणसाला हे नाजूकपणाचं वाटेल. मोटरसायकलवाल्यांना कसली आलीय मातीची भीती? पण स्पीडवेची ही मोटरसायकल जरा जवळून बघावी लागते. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, एकच गिअर, आणि ब्रेक अजिबात नाही. पुढेही नाही, मागेही नाही. इंधन म्हणजे मेथॅनॉल. गाडीचं वजन किमान ७७ किलो, म्हणजे आपल्याकडच्या स्कूटरपेक्षाही कमी. स्वाराच्या डाव्या बुटाला खालून पोलादी तळवा बसवलेला असतो. वळण आलं की स्वार तो पाय जमिनीवर टेकवतो, मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवतो, आणि डावीकडे वळताना हँडल उजवीकडे धरतो. वेग आवरायचा तो याच घसरण्यातून. म्हणजे ब्रेकचं काम माती करते. ती कुठे भुसभुशीत, कुठे घट्ट अशी निघाली, तर चाक अचानक पकड घेतं आणि गाडी माणसासकट सरळ कठड्यावर जाते.

एका शर्यतीत चौघे, चार फेऱ्या, सगळ्या डावीकडे वळत. पहिल्याला ३ गुण, मग २, १, आणि शेवटच्याला भोपळा. मिनिटभरात खेळ खलास. सांघिक सामन्यात अशा पंधरा शर्यती, म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष धावणं जेमतेम पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात ट्रॅक्टर फिरतो. माती ओढतो, पाणी मारतो, पडलेले चर बुजवतो. आणि प्रेक्षक तो ट्रॅक्टरही मन लावून बघतात! तालमीतली तांबडी माती खणणाऱ्या, भिजवणाऱ्या वस्तादाकडे कोल्हापुरात ज्या नजरेने बघतात, तीच ही नजर. बाहेरच्या कडेला माती साचू दिली, तर तिथून कोणीतरी मुसंडी मारणार. सगळी खरवडून काढली, तर जो आधी सुटला तोच जिंकणार आणि बघणारा कंटाळणार.

जावा हे नाव इथे भेटतं तेव्हा मराठी वाचकाला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. साठच्या दशकात म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा आणि तिच्या मागून आलेली येझदी आपल्या गावोगाव फटफटत होत्या. त्याच चेक जावाचा दिविशोव्हला एक कारखाना होता. मूळचा एसो या नावाचा, नंतर जावात मिसळलेला. स्पीडवेच्या गाड्यांत या कारखान्याने वर्षानुवर्षं राज्य केलं.

या खेळाची सुरुवात बहुतेक जण १५ डिसेंबर १९२३ ला, ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडच्या जत्रेत, जॉनी हॉस्किन्सच्या नावावर मांडतात. त्याआधीही मातीवर गाड्या पळत होत्या, तेव्हा जन्मतारखेचा वाद आहेच. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ हाय बीच इथे, एका पबच्या मागच्या ट्रॅकवर, शर्यती बघायला अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली आणि इंग्लंड वेडावलं. १९३६ मध्ये वेम्बलीवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. लायनेल व्हॅन प्राग हा ऑस्ट्रेलियन ती जिंकला. १९८१ च्या अंतिम स्पर्धेलाही वेम्बली नव्वद हजारांवर भरलं होतं.

पण क्लबांची गोष्ट वेगळी. इंग्लंडमधले बरेच क्लब भाडेकरू. स्टेडियम असायचं कुत्र्यांच्या शर्यतीवाल्यांचं, नाहीतर आणखी कोणाचं. शहर वाढलं, जमिनीला भाव आला, की आधी भाडेकरूची पथारी उचलली जायची. बेल व्ह्यूचं हाइड रोडचं जुनं स्टेडियम १९२९ पासूनचं, खास याच खेळासाठी बांधलेलं. १९८७ च्या मोसमानंतर तेही विकलं गेलं. क्लब उठून शेजारच्या कुत्र्यांच्या स्टेडियममध्ये गेला, जिथून १९२८ मध्ये सुरुवात केली होती तिथेच. कोव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम २०१६ नंतर बंद पडलं. तिथे घरं बांधायच्या योजनेविरुद्ध तिथले प्रेक्षक नियोजनाच्या सुनावण्यांना जाऊन वर्षानुवर्षं भांडले. विंबल्डनच्या प्लाव लेनवर आता फुटबॉल चालतो. लंडनच्या कस्टम हाउस भागात वेस्ट हॅमचं अवाढव्य स्टेडियम होतं. १९७२ मध्ये ते गेलं आणि वसाहत झाली. गल्ल्यांना मात्र जुन्या मंडळींची नावं दिली. एक गल्ली हॉस्किन्सची आहे.

म्हणून ब्रिटिश प्रेक्षकाच्या प्रेमात थोडी तक्रार मिसळलेली असते. कॅन्टीन गळकं, संडास जुनाट, चहा पाणचट, हे सगळं तो तुम्हाला स्वतःच सांगेल. पण तुम्ही म्हणालात तर चिडेल. त्याच्या हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन असतं. प्रत्येक शर्यतीसाठी पत्रिकेत चौकटी छापलेल्या असतात. कोण पहिला, कोण पडला, कोणाला पंचाने बाद केलं, हे तो स्वतः भरतो आणि बेरीज करत जातो. आजोबा चौकटी भरताहेत आणि नातू शेजारून आकडे सांगतोय, हे दृश्य नेहमीचं. शेजारी पाहुण्या संघाचा माणूस उभा असला तरी बिघडत नाही. फुटबॉलसारखी मधे पोलिसांची भिंत लागत नाही. जुनी माणसं वळणावरच्या कठड्याशी उभी राहायची आणि अंगावर लाल चिखल घेऊन घरी जायची. पुढे मागच्या चाकाला माती अडवणारी झापड सक्तीची झाली. मागच्या स्वाराला समोरचं दिसू लागलं, आणि प्रेक्षकांपैकी काहींनी कुरकुर केली की आता कपडे मळत नाहीत.

पोलंडमध्ये तक्रारीचा सूर पार बदलतो. तिथे या खेळाला झुझेल म्हणतात. झुझेल म्हणजे भट्टीतून निघणारी खंगर. सुरुवातीचे ट्रॅक तिचेच असायचे. साठेक हजार वस्तीच्या लेश्नोसारख्या गावात हा खेळ फुटबॉलच्या वर आहे. गोझुफ आणि झेलोना गुरा ही एकाच प्रांताची दोन मुख्य शहरं. त्यांच्यातला सामना म्हणजे दोन वाड्यांचा जुना बांधाचा तंटा. गोझुफच्या क्लबचं नाव स्ताल, म्हणजे पोलाद. झेलोना गुराच्या क्लबचं फालुबाझ हे नाव कापड गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यावरून पडलं आणि चिन्ह आहे चक्क मिकी माऊस. कारखान्याच्या नावाने जयघोष करणारं शहर! आपल्या गिरणगावाला हे कळायला वेळ लागणार नाही.

१९७३ मध्ये होझुफच्या सिलेशियन स्टेडियमवर लाखभर लोकांसमोर जागतिक अंतिम स्पर्धा झाली. येझी श्चाकिएल आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर यांचे गुण सारखे झाले. निर्णायक शर्यतीत मॉगर पडला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. दुसऱ्यासाठी ३७ वर्षं थांबावं लागलं. २०१० मध्ये तोमाश गोलोब जिंकला.

त्याच गोलोबच्या ग्रां प्रीतल्या, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या फेऱ्यांमधल्या, निरोपासाठी १८ एप्रिल २०१५ ला वॉर्सॉचं राष्ट्रीय स्टेडियम भरलं. पन्नास हजारांवर लोक, वर छप्पर, खाली काही दिवसांपुरता पसरलेला मातीचा ट्रॅक. सुटण्याच्या जागी आडव्या ताणलेल्या फिती असतात. त्या वर उचलल्या की स्वार सुटतात. ती यंत्रणाच बिघडली. मग ट्रॅक उखडू लागला. बाराव्या शर्यतीनंतर सगळं आवरतं घेतलं. ज्यांनी गोलोबसाठी आयुष्यभर घसा कोरडा केला, त्यांनी त्या रात्री शिट्ट्या मारून स्टेडियम डोक्यावर घेतलं. मला त्यांचा राग रास्त वाटतो. हजारो टन माती ट्रकने आणून ओतता येते. ती मुरायला मात्र पावसाळे जावे लागतात.

मुरलेली माती म्हणजे घरच्या संघाचं शस्त्रही. पाहुण्या संघाला आवडते तशी माती कोण कशाला ठेवेल? क्रिकेटची खेळपट्टी फिरकीला आखाडा करून दिली की आपण जी कुजबुज करतो, तीच तिथे. आदल्या रात्री पाणी मारलं, आतली कडा मुद्दाम घट्ट केली, वगैरे. संशय इतका वाढला की पोलिश लीगला ट्रॅकवर देखरेख ठेवणारे आयुक्त नेमावे लागले. पावसापासून वाचवायला ट्रॅकभर ताडपत्री अंथरायचे नियमही आले. त्याने सामने वाचले, पण नवं भांडण मिळालं. ताडपत्रीखाली माती दगडासारखी होते, मग मियांका कुठून होणार? मियांका म्हणजे एकाने दुसऱ्याला मागे टाकणं. तोरुनचा २००९ चा मोटोअरेना बांधणीने देखणा, बसायला आरामशीर, तरी त्याबद्दलही पहिला प्रश्न हाच. इथे मागून येऊन जिंकता येतं का?

मँचेस्टरच्या त्या कच्च्या मातीचं पुढे भलं झालं. ट्रॅक पुन्हा घातला, आणि आज ब्रिटनमधल्या सर्वांत रंगतदार शर्यती तिथे होतात असं मानणारे पुष्कळ आहेत. ब्रिटिश ग्रां प्री २००१ पासून कार्डिफच्या बंद छताखाली, तात्पुरत्या मातीवर व्हायची. २०२५ मध्ये ती मँचेस्टरला आली, एका रात्रीची दोन रात्री होऊन. कार्डिफला दरवर्षी गावजेवणासारखे जमणारे हळहळले. काही हजारांच्या छोट्या मैदानात जागतिक स्पर्धा कशी शोभेल, असंही म्हणाले. बाकीचे म्हणाले, निदान माती तरी खरी आहे. आणि छप्पर नाही, तेव्हा तिकिटाबरोबर रेनकोट घ्यायचा.