वाढते मूल आणि मोटारीतील आसन

मोटारीत बसले की लहान मूल आजीच्या मांडीवर, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. मांडीइतकी निर्धास्त जागा दुसरी कोणती, असे आपणांस वाटते. पण गणित निराळे सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल सुमारे १४० किलोंच्या जोराने पुढे जाते. तो भार कोणते हात पेलणार? हा वेग काही अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावरचाच नव्हे. जुन्या पादरा रस्त्यावरही तो सहज गाठला जातो.

आसन निवडताना वयापेक्षा वजन व उंची पाहावी. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मान कोवळी असते. म्हणून त्याचे तोंड मोटारीच्या मागील बाजूस असावे. धक्का बसला तर पाठीचा टेकाच डोके व मान सावरून धरतो. युरोपातील नव्या मानकाप्रमाणे किमान १५ महिने असे बसविणे आवश्यक आहे. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत तसे बसवितात. पाय दुमडावे लागतात म्हणून घाई करू नये. असे आसन मात्र पुढच्या बाजूस हवेची पिशवी चालू असताना तेथे कधीही ठेवू नये. पिशवी फुटली की ती नेमकी आसनाच्या पाठीवर आदळते.

नंतर पुढे तोंड करून पाच पट्ट्यांचे आसन, साधारण १८ किलोंपर्यंत. त्यापुढे मुलाला उंच करणारी बैठक. ही बैठक सोडण्याची घाई सर्वांत जास्त होते. मोटारीचा पट्टा गळ्यावर व पोटावर न येता खांद्याच्या मध्यावर आणि कमरेच्या हाडांवर आला पाहिजे. बहुतेक मुलांना हे १३५ ते १५० सेंटीमीटर उंचीच्या सुमारास साधते.

थोरल्याचे कपडे धाकट्याने वापरावेत; आसनाचे तसे नाही. अपघातात सापडलेले आसन वरून धड दिसले तरी घेऊ नये, आणि मुदतीची तारीखही पाहावी. विकत घेण्यापूर्वी ते आपल्याच मोटारीत लावून पाहण्याचा आग्रह धरावा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावा. वैशाखात मोटार उन्हात उभी असेल, तर मूल बसविण्याआधी पट्ट्याच्या धातूला हात लावून पाहावा.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना अथवा योग्य आसनाविना नेणे हा गुन्हा आहे. आपल्यापैकी अनेकांकडे मोटार नसून स्कूटर आहे. त्यांच्यासाठी २०२२ साली नियम निघाला: चार वर्षांखालील मूल पट्ट्याने चालकाशी बांधावे, नऊ महिन्यांपुढील मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरांपेक्षा अधिक नसावा.