पडद्यावरील चौकटी आणि प्रतिसादाचा विलंब

व्हिडिओ गेम खेळणारा तरुण बटण दाबतो आणि पडद्यावरील पात्र उडी मारते. या दोन्ही घटना एकाच क्षणी घडतात, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्यांच्या दरम्यान काही काळ जातो. तो सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा असू शकतो, तसाच दहाव्या भागाएवढाही असू शकतो. खेळणारी मंडळी त्यास ‘इनपुट लॅग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास प्रतिसाद-विलंब म्हणू. हा विलंब कमी व्हावा म्हणून अधिक ‘एफपीएस’ देणारे ग्राफिक्स कार्ड, अधिक ‘हर्ट्झ’चा मॉनिटर किंवा तसा मोबाइल घेण्याचा आग्रह आज अनेक घरांतून धरला जातो आणि त्यापायी मोजावी लागणारी रक्कम सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने लहान नसते. जाहिरातीतील हे आकडे आणि प्रत्यक्ष हाताला जाणवणारी तत्परता यांचा संबंध नेमका कोणता, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चौकट म्हणजे काय?

चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक दाखविली जातात, हे सर्वविदित आहे. यातील प्रत्येक चित्र म्हणजे एक चौकट, अर्थात फ्रेम. चित्रपटाचा प्रेक्षक पडद्याला कोणताही हुकूम देत नसल्याने तेथे विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तेथे प्रत्येक चौकट खेळणाऱ्याची कृती विचारात घेऊन त्या त्या वेळी नव्याने रचावी लागते. सेकंदाला ३० चौकटी असतील तर एका चौकटीस ३३.३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३३.३ सहस्रांश, एवढा अवधी मिळतो. ६० चौकटी असल्यास तो १६.७ आणि १२० असल्यास ८.३ मिलिसेकंदांवर येतो.

१९७२ साली अटारी कंपनीने आणलेल्या ‘पाँग’ या खेळात संगणकीय आज्ञावली नव्हती आणि चित्र साठविणारी स्मृतीही नव्हती. खेळणाऱ्याने चकती फिरविली की विद्युत्‌मंडलातील दाब बदले आणि पडद्यावर रेखाटल्या जाणाऱ्या पुढच्याच चित्रात बॅट सरके. पुढे प्रक्रियक आला, आज्ञावली आली, चित्रे अतोनात देखणी झाली. परंतु हात आणि पडदा यांच्यामध्ये एकेक टप्पा वाढत गेला.

कित्येक खेळांत तर खेळाचे घड्याळच चौकटींवर चाले. १९९१ सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ची युरोपातील ५० हर्ट्झच्या दूरचित्रवाणी संचांवरील गती अमेरिका व जपानमधील ६० हर्ट्झच्या मानाने सुमारे एक-षष्ठांशाने मंद असे. भारताने १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी स्वीकारलेली पाल पद्धतीही ५० हर्ट्झचीच होती.

बटणापासून पडद्यापर्यंत

बटण दाबले गेल्याची वर्दी प्रथम यंत्राला पोहोचते. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी वर्दी देतो, तर खेळासाठी बनविलेला माऊस १,००० वेळा देतो. परंतु खेळाची आज्ञावली ही वर्दी बहुधा प्रत्येक चौकटीच्या आरंभी एकदाच वाचते. चौकट नुकतीच सुरू झाली असताना बटण दाबले गेल्यास ती वर्दी जवळजवळ पूर्ण चौकटभर तिष्ठत राहते. चौकट संपता संपता दाबले तर लगेच वाचली जाते. सरासरीने हा काळ अर्ध्या चौकटीचा धरता येईल. त्यानंतर प्रक्रियक नव्या स्थितीचा हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड त्यावरून चित्र रंगविते आणि शेवटी पडदा ते चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरवून घेतो.

हिशेब आणि रंगकाम या दोन्ही कामांना प्रत्येकी एक चौकट लागते असे मानून ढोबळ गणित करून पाहू. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ६० चौकटींनी खेळ चालत असेल तर ताटकळण्याचे ८.३, हिशेबाचे १६.७, रंगकामाचे १६.७ आणि चित्र पडद्याच्या मध्यापर्यंत उतरण्याचे ८.३, असे एकूण ५० मिलिसेकंद होतात. त्याच पडद्यावर चौकटी ३० वर आल्या तर हीच बेरीज सुमारे ९२ होते. पडदा आणि खेळ दोन्ही १२० चे असतील तर ती २५ वर येते. चौकटींचा वेग आणि विलंब यांचे मूळ नाते हे असे आहे. ३० वरून ६० वर जाताना एका चौकटीमागे १६.७ मिलिसेकंद वाचतात, तर १२० वरून २४० वर जाताना केवळ ४.२ वाचतात. खर्च मात्र याच्या नेमका उलट चढत जातो, ही गोष्ट खरेदीदाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चाळीस-पन्नास सहस्रांशांचे एवढे काय कौतुक, असा प्रश्न येथे सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास माणसाला साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, हे खरे आहे. परंतु यंत्राचा विलंब या काळात सामावत नाही, त्याच्या माथी आणखी चढतो. शिवाय निष्णात खेळाडू घटना घडण्याची वाट पाहत बसत नाही. पुढे काय घडणार याचा अदमास बांधून तो आधीच हात उचलतो. क्रिकेटचेच उदाहरण घ्या. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे ६५ सेंटिमीटर आणि तिसाव्या भागात सुमारे १.३ मीटर अंतर कापतो. फलंदाजाची बॅट हुकमापेक्षा तेवढी मागे राहू लागली तर यष्ट्यांचे काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गिरणीवरील डब्यांची रांग

इथवरचे गणित सरळ आहे. पुढील भाग जरासा वाकडा आहे आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. चौकटींची संख्या म्हणजे काम किती उरकते याचे माप. विलंब म्हणजे एका कामास किती थांबावे लागते याचे माप. या दोन भिन्न गोष्टी होत. पिठाच्या गिरणीत दर दोन मिनिटांस एक डबा दळून होत असेल तर तासाला तीस डबे होतात. आपण गेलो तेव्हा गिरणी मोकळी असेल तर दोन मिनिटांत पीठ मिळते. पुढे तीन डबे मांडलेले असतील तर आठ मिनिटे लागतात. गिरणीवाल्याचा तासाचा हिशेब दोन्ही वेळी तोच.

ग्राफिक्स कार्डापुढे नेमकी अशीच रांग लागते. कार्ड पूर्ण क्षमतेने राबत असताना प्रक्रियक पुढील चौकटींचे काम तयार करून ठेवतो आणि त्या चौकटींत गोठलेली खेळणाऱ्याची कृती शिळी होत जाते. समजा, ९० चौकटींनी खेळ चालला आहे आणि दोन चौकटी रांगेत आहेत. म्हणजे २२ मिलिसेकंदांची जादा भर पडली. आता चौकटींवर ८० ची मर्यादा घातली, तर चौकटी कमी झाल्यामुळे तीन-चार मिलिसेकंदांचा तोटा होतो, परंतु कार्डास उसंत मिळून रांग मोडते आणि ते २२ वाचतात. आकडा उतरला आणि खेळ चपळ झाला! २०२० साली एनव्हिडिया कंपनीने आणलेली ‘रिफ्लेक्स’ योजना ही रांग लागू न देण्याचेच काम करते.

‘व्ही-सिंक’ची गोष्टही याच जातीची आहे. पडद्यावर अर्धे जुने व अर्धे नवे चित्र दिसून ते फाटल्यासारखे वाटू नये म्हणून कार्डास पडद्याच्या ठेक्याशी बांधले जाते. चित्र नीटनेटके दिसते, पण पूर्ण झालेल्या चौकटी पडद्याची वाट पाहत खोळंबतात. पडद्यानेच कार्डाच्या ठेक्यावर चालावे, हा उपाय एनव्हिडियाने २०१३ साली ‘जी-सिंक’च्या रूपाने जाहीर केला, आता तो अनेक कंपन्यांच्या पडद्यांत आढळतो. त्यातही चौकटींची मर्यादा पडद्याच्या क्षमतेहून किंचित खाली, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १४० च्या आसपास, ठेवणे इष्ट असते.

२०२२ पासून दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये अनुमानाने रचलेली एक चौकट घालणारी कार्डे बाजारात आली आहेत. त्यामुळे हालचाल डोळ्यांना मऊ दिसते आणि ‘एफपीएस’चा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. परंतु खेळणाऱ्याचा हुकूम केवळ खऱ्या चौकटींतच वाचला जातो आणि मधली चौकट रचण्यासाठी पुढची खरी चौकट थोडी रोखून धरावी लागते. सबब विलंब निम्मा होत नाही, थोडा वाढतोच. या आकड्यांच्या मोहात पडून पैसे मोजणाऱ्यांची आम्हांस खरोखर काळजी वाटते.

सगळा दोष चौकटींच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. दूरचित्रवाणी संच चित्र खुलविण्यासाठी जे संस्कार करतो, त्यांतच कित्येकदा दोन-चार चौकटींहून अधिक काळ जातो. ‘गेम मोड’ चालू करण्यास छदामही पडत नाही. मोबाइल तापला की तो आपली गती आपणच आवरतो, मग पडदा १२० हर्ट्झचा असूनही पूर्ण लाभ मिळत नाही. जाळ्यावरील विलंब, म्हणजे पिंग, हे तर निराळेच प्रकरण आहे. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येण्यास किमान ३९ मिलिसेकंद हवेतच. कोणतेही कार्ड ते कमी करू शकत नाही.

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला आणि २०२३ साली हांगझो येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत या खेळांना पदके देण्यात आली. तेव्हा हा केवळ हौसेचा प्रश्न उरलेला नाही. खेळणाऱ्यांइतकाच तो खेळ घडविणाऱ्यांचाही आहे, कारण बटणाची वर्दी केव्हा वाचावी आणि रांग किती राखावी, हे आज्ञावली लिहिणाराच ठरवितो.

आपल्या घरातील यंत्राचा विलंब मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पुष्कळशा मोबाइलांत सेकंदाला २४० चौकटींचे ‘स्लो मोशन’ चित्रण करण्याची सोय असते. बोट, बटण आणि पडदा एकाच दृश्यात येतील असा मोबाइल स्थिर ठेवावा व दहा-पंधरा वेळा बटण दाबून चित्रण करावे. नंतर बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावर पहिला बदल दिसेपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात आणि त्यांची सरासरी घ्यावी. प्रत्येक चौकट ४.२ मिलिसेकंदांची, बारा भरल्या तर विलंब ५० च्या घरात आहे. एकदा व्ही-सिंक चालू ठेवून आणि एकदा बंद करून, एकदा मर्यादा घालून आणि एकदा न घालता ही मोजणी करावी आणि नवे कार्ड घ्यावे की नाही, याचा विचार त्यानंतर करावा.