कापल्याशिवाय कळत नाही

हापूस कापल्याशिवाय कळत नाही. साल केशरी, वास घरभर, आणि सुरी आत गेली की गरात पांढुरका, आंबट, पोकळ भाग: साका. बागायतदारालाही तो बाहेरून दिसत नाही. मग डोंबिवलीत बसून फोनवर आंबा मागवणाऱ्याला पारखायला उरतो तो विकणारा माणूस. देवगडजवळच्या एका बागेत एप्रिलमध्ये मुक्काम केला, तेव्हा ही पारख दुसऱ्या बाजूने बघायला मिळाली.

इथला माल पूर्वी सगळा वाशीच्या बाजारात जायचा. भाव दलालाच्या पट्टीवर कळायचा. आंबा कुणाच्या बागेतला, हे खाणाऱ्याला कधीच कळत नसे. आता बराचसा एक-दोन डझनांच्या खोक्यांतून थेट घरोघरी जातो आणि दुकान म्हणजे बागायतदाराच्या सुनेचा फोन. सकाळी गडी झेल्याने आंबे उतरवतात, ती मध्येच हात पुसून शूटिंग करते. सासरे बनियनवरच दिसतात. एकदा त्यांना सदरा घालायला लावला, तर शाळेच्या तपासणीला उभे केल्यासारखे दिसले. तो व्हिडिओ काढून टाकला.

सुनेने चालवलेल्या बागेच्या पेजवर मोहोराचे फोटो आहेत, तसा फवारणीचाही व्हिडिओ आहे. मोहोरावर तुडतुडा येतो, फुलकिडे येतात. औषध कुठलं, शेवटचं कधी मारलं, सगळं लिहिलेलं. "गिऱ्हाईक इचारतत, फवारणी करतास काय? मी म्हणतंय, करतंय," सासरे म्हणाले. त्यावर काही गिऱ्हाइकं 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिणाऱ्यांकडे गेली. मला यात शौर्यापेक्षा व्यवहार जास्त दिसला. पंपाचा आवाज शेजारी ऐकतो आणि शेजाऱ्याचा पुण्यातला भाचा हेच पेज बघतो.

खरी कसोटी मे महिन्यात. तापलेल्या जमिनीची धग आणि झाडावर जास्त तयार झालेलं फळ, दोन्हींमुळे साका वाढतो. म्हणून आंबा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के तयारीलाच काढतात, तरी काही फळं दगा देतातच. तक्रार आली की कापलेल्या फळाचा फोटो मागायचा आणि वाद न घालता बदली द्यायची. ऊन फारच चढलं की सून साक्याचा फोटो स्वतःच स्टेटसला लावते: या आठवड्यात असं निघू शकतं, चालत असेल तरच मागवा. त्या दिवशी ऑर्डरी घटतात. सासऱ्यांना अजून ते पटलेलं नाही. जेवताना त्यावरून कुरबुर झाली, ती मीही ऐकली.

कागदोपत्री ओळख आहेच. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. देवगडच्या नावाने परराज्यातला आंबा खपतो म्हणून 2025 च्या हंगामापासून तिथल्या उत्पादक संस्थेने फळावर कोड असलेलं स्टिकर आणलं. त्याने गाव कळतं. तक्रारीचा फोन उचलला जाईल की नाही, ते स्टिकरवर कसं छापणार?

मध्यंतरी एक एजन्सी पेज चालवायला घ्यायला तयार होती. नमुन्याच्या मजकुरात 'आजोबांची माती, नातवाचं स्वप्न' असं काहीसं होतं. घरात नातू नाही, नात आहे. सुनेने एवढंच विचारलं, रात्री साडेदहाला कुणी 'मऊ लागतोय, आज कापू की उद्या?' असं विचारलं तर उत्तर कोण देणार?

त्याचं पॅकेज वेगळं, असं कळवण्यात आलं.