विमानाचे अंतर आणि वेळेचा हिशेब

सन १९१३ मध्ये बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले ते बोटीने. आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर विमानाने जातात. आईवडिलांना काळजी असते, पोर पोहोचणार कधी? हा हिशेब पाचवी-सहावी शिकलेल्या माणसालाही जमण्यासारखा आहे.

प्रथम अंतर. विमान सडकेने किंवा रुळाने जात नाही, म्हणून त्याचे अंतर कमी भरते. बडनेरा ते मुंबई रेल्वेने सुमारे ६६० किलोमीटर. बेलोऱ्याहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५४०. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. सपाट नकाशावर फूटपट्टी ठेवून हे अंतर बरोबर येत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तोच सर्वांत जवळचा मार्ग.

आता वेळ. अंतराला वेगाने भागावे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवावा. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली, ती पंख्याच्या लहान विमानाने. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणून दीड-पावणेदोन तास धरावे. लंडनचे मोठे जेट विमान ताशी साडेआठशेच्या आसपास जाते, म्हणजे हिशेबाने नऊ तास. परंतु उंचावर वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते समोरून येतात, शिवाय मार्गही थोडा वळसा घेतो. म्हणून साडेनऊ-दहा तास लागतात. परतताना तेच वारे मदत करतात.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या गावच्या असतात. समजा, १५ सप्टेंबरला रात्री २ वाजता सुटणे आणि सकाळी ७.३० ला उतरणे असे छापले आहे. प्रवास साडेपाच तासांचा नव्हे. सप्टेंबरात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. ते मिळवले की दहा तास होतात. मुलगी उतरेल तेव्हा अमरावतीत दुपारचे बारा वाजलेले असतील. तोवर फोन आला नाही म्हणून घाबरू नये. हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो.

सर्वांत मोठा घोटाळा तारखेचा. १५ तारखेचे रात्री २ म्हणजे १४ ची रात्र उलटल्यावर. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ च्या रात्री ११ वाजता हजर पाहिजे. अमरावती-अकोल्याहून रात्रीची गाडी १३ तारखेचीच धरावी. १४ ची धरली तर गाडी मुंबईला पोहोचेल तेव्हा विमान केव्हाच सुटलेले असेल. रेल्वेचे व विमानाचे तिकीट वेगवेगळे असल्याने गाडी उशिरा आली म्हणून विमान कंपनी पैसे परत देत नाही.

तेव्हा तिकीट हाती येताच घरातील सर्वांनी बसून कागदावर चार ओळी लिहाव्या: घरून निघण्याची तारीख, विमानतळावर हजर होण्याची वेळ, विमान सुटण्याची वेळ आणि पोहोचल्यावर आपल्या घड्याळातील वेळ. कागद भिंतीवर लावावा. वर्षानुवर्षांची मेहनत एका तारखेच्या घोळाने वाया जाऊ नये.