गाडीला अजून पाच तास आहेत

फोन नागपूरच्या विमानतळावरून होता. पलीकडचे गृहस्थ पुण्याचे, आवाजात घाई. "पुढचं विमान सात तासांनी आहे हो. तेवढ्यात ताडोबा करून आणाल का?"

मी म्हटलं, यायला तीन तास, जायला तीन. उरला एक. त्यात जंगल, वाघ, जेवण आणि विमानतळावर पुन्हा सामानाची तपासणी. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "वाघ गेटजवळ नसतो का?"

त्यांना मी नागपुरातच दीक्षाभूमी बघा आणि सावजी जेवा असं सुचवलं. त्यात माझा रुपयाचा फायदा नव्हता, पण दीडशे किलोमीटर आणून नुसते टोलनाके दाखवण्यापेक्षा ते बरं. तसा दोन विमानांमधल्या खोळंब्याचा नागपूरचा अनुभव फार जुना. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री सुटलेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, पिशव्या आणि उतारू बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतायची.

आमच्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, तो थाट नाही. मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथे येत नाही. शेजारच्या गडचिरोलीत तर वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन म्हणजे वडसा, बस. त्यामुळे आमच्याकडचा खोळंबा असतो तो सफारी आणि रेल्वे यांच्यामधला. सकाळची सफारी दहाच्या सुमारास संपते, हॉटेलवाला बारा वाजता खोली मागतो आणि दिल्लीची किंवा चेन्नईची गाडी बल्लारशाहवरून संध्याकाळी नाहीतर रात्री. त्या मधल्या वेळावर आमचं घर चालतं. माझा मेहुणा गाडी हाकतो आणि मी शेजारी बसून बोलतो. आम्ही दोघं या कामाला 'गॅप' म्हणतो. "भाऊजी, उद्या एक गॅप आहे, चौघं जण, एक म्हातारी," असा त्याचा फोन येतो.

गॅपचा हिशेब उलटा मांडायचा असतो. आधी गाडीची वेळ. त्यातून बल्लारशाहचा एक तास वजा, कारण अंतर पंधरा किलोमीटर असलं तरी रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात आणि त्यांना आपल्या रेल्वेशी काही देणंघेणं नसतं. मग जेवणाचा तास. मग 'मला जरा फ्रेश व्हायचंय' याचा अर्धा तास, जो कुणीच आधी सांगत नाही. उरेल त्यात शहर. सहा तासांची गॅप म्हणजे हातात साडेतीन तास, हे पाहुण्यांना पटवणं हेच निम्मं काम.

ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. माणूस चार तास जगापासून तुटलेला असतो. मोहर्लीच्या गेटबाहेर आला, फोन हातात घेतला की सगळे निरोप एकदम कोसळतात आणि त्यात हमखास एक रेल्वेचा असतो, गाडी चार तास उशिरा. पाहुण्यांचा चेहरा पडतो. मेहुण्याचा खुलतो. तो लपवायला त्याला अजून जमलेलं नाही.

नावांचा घोळ तर विचारू नका. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्लारशाह. चंद्रपुरातही दोन स्टेशनं, एक 'चंद्रपूर' आणि दुसरं गोंदियाच्या लाइनीवरचं 'चांदा फोर्ट'. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. मी चंद्रपूर स्टेशनवर पाटी धरून उभा, पाहुणे फोनवर सांगतात, आम्हीही स्टेशनवरच उभे आहोत. "मी पुस्तकांच्या स्टॉलपाशी आहे." "इथे स्टॉलच नाही." "दादऱ्याखाली या." "कोणता दादरा?" दहा मिनिटं असं चाललं. शेवटी मेहुण्याने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "साहेब, बोर्डावर काय लिहून आहे ते वाचा ना जी." बोर्डावर चांदा फोर्ट होतं. तेव्हापासून पहिला प्रश्न तोच असतो, बोर्ड वाचा.

शहर दाखवायला सुरुवात जटपुरा गेटपासून. चांद्याच्या परकोटाला चार दरवाजे, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. पाच खिडक्या, त्यात एक चोर खिडकी आणि एक मसण खिडकी. दरवाज्यावर गोंड राजांचं चिन्ह, हत्तीवर स्वार झालेला सिंह. मुलांना ते दाखवलं की पुढचा अर्धा तास निर्धास्त, कारण मग ती प्रत्येक दरवाज्यावर हत्ती शोधत बसतात. मोठ्यांना मात्र गोष्ट लागते. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगभर गाठी. शिकारीला गेला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खड्ड्यात पाणी दिसलं. प्याला, तोंड धुतलं, झोपला, तर गाठी गायब. राणी हुशार, तिने ती जागा शोधून काढायला लावली. पुढे त्याच भागात राजाला एक ससा दिसला, आणि तो ससा चक्क राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला. राणी म्हणाली, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने कोट बांधा.

आता आतली गोष्ट सांगतो. या गोष्टीची लांबी राजा ठरवत नाही, जटपुरा गेटवरची वाहतूक ठरवते. रस्ता मोकळा असेल तर राजा चार मिनिटांत बरा होतो. गर्दीत अडकलो की राणी जास्त बोलायला लागते, ससा दोन फेऱ्या जास्त मारतो. एकदा मिरवणुकीत पाऊण तास अडकलो तेव्हा मी सशाच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरच पाच मिनिटं काढली. मेहुणा समोर बघत गालात हसत होता.

परकोट आज बघण्यासारखा आहे तो आपोआप नाही. 2017 साली इको-प्रो संस्थेच्या पोरांनी सकाळी सकाळी फावडी-कुदळी घेऊन भिंतीवरची झाडंझुडपं आणि कचरा काढायला घेतला आणि महिनोन् महिने काढत राहिले. त्याआधी बुरुजावर चढायचं म्हणजे बाभळीशी कुस्ती होती. पाहुण्यांना त्या काळात आम्ही खालूनच बोट दाखवून सांगायचो, वर खूप छान आहे.

लालपेठच्या बाजूला उघड्यावर प्रचंड मूर्ती आडव्या पडून आहेत. रायपा नावाच्या व्यापाऱ्याने देऊळ बांधायला घेतलं, मूर्ती घडवून ठेवल्या, देऊळ झालंच नाही. त्यातली सगळ्यात मोठी पंचवीस फुटांच्या आसपास, दहा तोंडांची. आम्ही लहानपणापासून तिला रावण म्हणत आलो. अख्खं गाव म्हणतं. मीही सुरुवातीला पाहुण्यांना बिनदिक्कत रावण म्हणून दाखवायचो.

एप्रिल होता. बंगाली कुटुंब, बरोबर सत्तरी ओलांडलेल्या आजी. चांद्याचा एप्रिल म्हणजे अकरा वाजता दगडावर पापड भाजावा. आम्ही गाडीत पाण्याची कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि पाहुण्यांना डोक्याला बांधायला दुपट्टे देतो. मुलं-सुना सावलीत थांबली. आजींनी चपला काढल्या. मी म्हटलं, अहो पाय भाजतील, रावणापुढे कशाला चप्पल काढता. त्या ऐकेनात. मूर्तीच्या कडेकडेने, एकेक पाऊल झटकन उचलत, त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला म्हणाल्या, "दहा तोंडं मोजलीस. खालचं अंग कधी पाहिलंस का? ही बाई आहे." आणि वाकून नमस्कार केला. त्या दुपारी मी घरी जाऊन पुस्तक काढलं. दशमुखी दुर्गा. आजींना सुनेने गाडीत बसवून पायांवर पाणी ओतलं, तेव्हा तळवे लाल झालेले होते. हल्ली मी दुर्गाच सांगतो. मेहुणा मात्र अजूनही फोनवर, "रावणापाशी आहोत, दहा मिनिटांत निघतो," असंच म्हणतो.

जेवणाचा एक किस्सा सांगायलाच हवा. मुंबईच्या बाईंनी हॉटेलच्या पाटीवर 'सांबारवडी' वाचलं आणि म्हणाल्या, "आम्ही काय इडलीचं सांबार प्यायला इतक्या लांब आलो?" आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ती भरून तळलेली वडी, वरून कढी. हे समजावून सांगेपर्यंत त्यांच्या मुलाने चार वड्या संपवल्या होत्या. बाईंनी निघताना बांधून घेतल्या बारा. त्या दिवशी जेवणाच्या तासाचे दोन तास झाले आणि महाकालीचं दर्शन रस्त्यावरून हात जोडून उरकलं.

बाटलीचा प्रश्न पुरुष मंडळी मेहुण्याला हळूच विचारतात, मी लांब गेलो की. 2015 ते 2021 चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, आता नाही. पण गडचिरोलीत 1993 पासून आहे. तिथल्या मार्कंड्याच्या देवळाला निघालेल्या पाहुण्यांना आम्ही वैनगंगेच्या पुलाआधीच पिशवी तपासायला सांगतो. देवदर्शनाला जाताना पोलीस ठाण्याचं दर्शन नको.

सुरुवातीच्या काही वर्षांत आमच्या फेरीत चंद्रपूरची दीक्षाभूमी नव्हती. कुणी मागायचं नाही, आम्ही न्यायचो नाही. बाहेरच्या लोकांना दीक्षाभूमी म्हणजे नागपूर एवढंच ठाऊक. एक दिवस एकटे गृहस्थ भेटले, हैदराबादला नोकरी करून निवृत्त झालेले. गाडीला अडीच तास होते. आमचा ठराविक बेत ऐकून घेतला आणि म्हणाले, "मला एकच जागा दाखवा." बाबासाहेबांनी नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षा दिली, त्यानंतर दोनच दिवसांनी, 16 तारखेला, चंद्रपूरला. या गृहस्थांचे वडील मूल गावाच्या बाजूच्या एका खेड्यातून त्यासाठी चालत आले होते, भाकरी फडक्यात बांधून. हे गृहस्थ तेव्हा आईच्या कडेवर, घरीच राहिले.

मैदानाच्या कडेला त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात नीट खोचले आणि बसले. मी सवयीने बोलायला तोंड उघडलं. मेहुण्याने माझा दंड धरून मला गाडीपाशी नेलं. तास-दीड तास ते तिथेच होते. निघताना त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे पुढे केले, मेहुण्याने घेतले नाहीत, मला वाईट वाटलं, मग बरं वाटलं. आता ती जागा आमच्या फेरीत पहिली असते.

वाघ न दिसलेले पाहुणे ही वेगळी जात. तीन सफाऱ्या कोरड्या गेलेल्या, पैसा गेलेला, नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. अशांना मी किल्ला दाखवत बसत नाही. सरळ बल्लारशाह स्टेशनवर लवकर नेतो. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्टेशनं स्थानिक चित्रकारांनी भिंतीभिंतीवर जंगल काढून सजवली, 2018 मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरणाच्या स्पर्धेत पहिलीही आली. तिथल्या वाघासमोर उभं राहून फोटो काढताना एकदा एक रुसलेली बायको खुदकन हसली. मेहुणा म्हणाला, "हा वाघ मंगळवारीही सुट्टी घेत नाही ताई." ताडोबा मंगळवारी बंद असतो.

शेवटचा किस्सा रात्रीच्या गॅपचा. जानेवारी, चेन्नईचा एकटा मुलगा, पक्ष्यांचे फोटो काढणारा. दुपारची सफारी संपली, गाडी पहाटे साडेचारला. मराठीचं अक्षर येत नव्हतं. खोली घेऊन झोप म्हटलं तर नको म्हणाला. मेहुण्याला त्या रात्री मूलकडच्या एका गावात नाटक बघायला जायचंच होतं. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, हा आमच्या झाडीपट्टीचा दिवाळीनंतरचा रिवाज. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव हिंडत असतात, आणि याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्रीही मिळाली. मेहुण्याने परस्पर ठरवलं, "चला, पाहुण्याला बी घेऊ."

धान कापलेल्या बांधीत मंडप. पुढे जमिनीवर बायका-पोरं गोधड्या पांघरून, मागे खुर्च्या. नाटक दहाला म्हणाले, अकरा वाजून गेले तेव्हा पडदा उघडला. दोन भाऊ, एक वहिनी, एक सावकार, मध्ये मध्ये लावणी. चेन्नईच्या पाहुण्याने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पुढे जाऊन बायकांच्या मागे मांडी घातली. शेजारच्या आजीने त्याला अर्धी गोधडी दिली. धाकटा भाऊ घर सोडून निघाला तेव्हा आजी रडली, तोही.

पावणेतीनला मी त्याला उठवलं. तो उठेना. जंगलातून रात्रीचा रस्ता, चितळ कधी आडवं येईल सांगता येत नाही, गाडी चाळिशीच्या वर न्यायची नाही हा मेहुण्याचा नियम. जवळजवळ ओढूनच आणला. सव्वाचारला बल्लारशाहला पोचलो, तो डब्यात चढला आणि दारातून हिंदीत ओरडला, "धाकटा परत येतो का?"

मी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने माझ्याकडे. मी दुसऱ्या अंकापासून गाडीत झोपलो होतो. पण मेहुण्याने हेच नाटक आदल्या आठवड्यात सावली गावाकडे पाहिलं होतं. त्याने नंबर फिरवला आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून, एका हातात चहा धरून, तुटक्या हिंदीत तिसरा अंक सांगायला घेतला. सावकाराचा कागद सापडला, वहिनी कोर्टात उभी राहिली, धाकटा एस.टी.तून उतरला. गाडी माणिकगड ओलांडून विरूरच्या जंगलात शिरली असावी. मेहुणा दोनदा हॅलो म्हणाला, फोनकडे पाहिलं आणि उरलेलं मला सांगितलं.