काडतुसाआधी खोका वाचा

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा, दरेकसा किंवा देवरीच्या जंगलात नक्षलवाद्यांनी पुरलेला साठा सापडला, की चर्चा होते ती बंदुकांची आणि काडतुसांच्या संख्येची. काडतुसे कोणत्या डब्यात वा पुड्यात होती, हे फारसे कोणी विचारत नाही. खरे तर तपासाच्या दृष्टीने काडतुसापेक्षा त्याचे वेष्टन अधिक बोलके असते, आणि घाईने साठा उघडताना पहिल्यांदा फाटते तेही वेष्टनच. काडतुसाच्या बुडावर जागा नखाएवढी. तिथे कारखान्याची खूण आणि साल यांपलीकडे फारसे काही मावत नाही. ‘केएफ’ असेल तर खडकी, ‘ओएफव्ही’ असेल तर वरणगाव. पण त्या साली त्या कारखान्यातून निघालेल्या असंख्य काडतुसांवर तीच अक्षरे असतात. औषधाच्या पट्टीवर बॅच क्रमांक असतो, तसा काडतुसांचा लॉट क्रमांक पेटीवर आणि पुड्यावर छापलेला असतो. माल कोणत्या शस्त्रागाराला गेला, हे शोधायचे तर त्या क्रमांकावरून. नक्षलवाद्यांची बरीच शस्त्रे पोलिसांकडूनच लुटलेली असल्याने ‘केएफ’ वाचून तपास फारसा पुढे सरकत नाही. लॉट कळला तर सरकतो.

परदेशी मालाचे वेष्टन पाहून माणूस बिचकतो, पण ते वाचायला परकी भाषा यावी लागत नाही. सोव्हिएत पद्धतीच्या लाकडी पेटीत झाळून बंद केलेले पत्र्याचे डबे असतात. त्यांवर ठरलेल्या क्रमाने मजकूर असतो: आधी ७.६२ सारखे माप, मग गोळीचा प्रकार, मग कवच पितळी, पोलादी की दुहेरी धातूचे हे सांगणारी अक्षरे. पुढे लॉट, साल आणि कारखान्याचा आकडा. बंदुकीच्या दारूचा प्रकार, तिचा स्वतंत्र लॉट आणि साल वेगळ्या ओळीत. रशियन लिपीतली दहाबारा अक्षरे ओळखता आली की बहुतेक काम भागते. फसवतात ते रंग. सोव्हिएत काडतुसाच्या गोळीचे टोक हिरवे असेल तर ती उजेडाची रेघ सोडत जाणारी ट्रेसर गोळी. ब्रिटिश .३०३ च्या बुडावर टोपीभोवती हिरवे कडे असेल तर ती चिलखतभेदी. आणि नाटो देशांच्या ५.५६ मिलिमीटर गोळीचे हिरवे टोक म्हणजे पायदळाची नेहमीची गोळी. काडतूस कोणत्या पद्धतीचे आहे हे आधी ठरवल्याशिवाय रंगाला काही अर्थ नाही, आणि ते चटकन ठरते वेष्टनावरून.

यावर रास्त आक्षेप असा की वेष्टन खोटे बोलू शकते. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात अँतोनोव्ह विमानातून शस्त्रे टाकली गेली. काही दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरवायला लावले गेले. बल्गेरियातून झालेल्या त्या खरेदीच्या कागदांवर घेणारा देश म्हणून बांगलादेशचे नाव होते आणि ते धादांत खोटे होते. पण खोटे होते ते घेणाऱ्याचे नाव. कारखाना जे छापतो ते चोरट्या व्यापाऱ्याच्या सोयीसाठी नसते. एखादा लॉट दगा देऊ लागला तर तो परत मागवता यावा, ही सैन्याचीच गरज असते. शिवाय पडताळा शक्य असतो. बल्गेरियातल्या काझानलाकच्या कारखान्याची खूण म्हणजे दोन वर्तुळांतला १० हा आकडा. पेटी एक सांगते आणि आतले बूड दुसरेच, तर ती विसंगतीच पुरावा ठरते. बुडावरच्या खुणा मुद्दाम टाळलेला मालही जगात फिरतो. तेव्हा कवचाचा धातू आणि टोपीभोवतीच्या लाखेचा रंग पाहावा लागतो. मात्र पेटी फेकून काडतुसे पोत्यात ओतली, तर पडताळायला उरते काय?

दुसरा समज अधिक धोक्याचा: डबा झाळलेला आहे, म्हणजे आतला माल ठणठणीत. झाळलेला डबा ओल अडवतो, उष्णता अडवत नाही. नायट्रोसेल्युलोजची दारू आपोआप, सावकाश विघटित होत असते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड विघटनाचा वेग आणखी वाढवतात. ते शोषून घ्यायला दारूत डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक घालतात, पण तेही वापरले जाऊन संपते, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या विदर्भात थंड मुलखापेक्षा लवकर संपते. पितळी कवचाची गोष्ट वेगळी. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची कवचे तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ थंडच ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, असे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. तडे निदान डोळ्यांना दिसतात, दारूचा बिघाड बाहेरून बहुधा दिसत नाही. म्हणून जुन्या साठ्याचा धोका जोखणाऱ्या बॉम्बनाशक पथकासाठी डब्यावरची दारूची ती वेगळी ओळ मोलाची. काडतूस भरल्याचे साल आणि दारूचे साल नेहमी एकच असते असे नाही. आणि दोन्हींत फरक निघाला तर वय मोजायचे ते दारूचे.